नळ येणार म्हणून घरी थांबायचं कोणी?

*ताई, नमस्कार. आम्ही छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहतो. स्वतःचं छोटं रोहाउस आहे. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं. आमच्याकडे सात-आठ दिवसांनी नळ येतात आणि वेळ ठरलेली नसते. कधी दुपारी दोनला, कधी रात्री अडीचला. पाणी दीड-दोन तास असतं, पण धार करंगळीएवढी. गच्चीवरच्या टाकीत ते चढतच नाही, म्हणून अंगणात २०० लिटरची पाच टिपाडं ठेवली आहेत. ती आणि घरातली भांडीकुंडी भरेपर्यंत नळ जातात.*

*हे वाळूजला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्यूटी. सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्यामुळे पाणी म्हटलं की मीच. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पाण्याच्या दिवशी एक तर रजा, नाहीतर रात्रभर जागून कामावर. मागच्या महिन्यात माझ्या हातून दोन नमुन्यांची लेबलं अदलाबदल होता होता राहिली. त्या दिवसापासून धास्ती घेतली आहे. दोन वर्षं दिवाळीत माहेरी गेले नाही, कारण नळ नेमके त्याच दिवसांत.*

*शिवाय नळ आले की सासूबाई आधीचं उरलेलं पाणी पारोसं झालं म्हणून मोरीत ओतून देतात. मी काही बोलले की घरात अबोला. शेजारच्यांनी लाइनला मोटर लावल्यापासून आमची धार निम्मी झाली, म्हणून आता हे म्हणतात, आपणही लावू. टाकी बांधायचा विषय काढला तर म्हणतात, नवी योजना येतेच आहे, कशाला खर्च? गेल्या पावसाळ्यात धाकट्याला डेंग्यू झाला होता. आता यांचं म्हणणं, तू नोकरीच सोड, सगळं सुटसुटीत होईल. सोडू का?*

*– एक वाचक*

नोकरी सोडू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुम्ही ते शेवटी विचारलंय आणि पत्र लिहायला बसलात ते त्याच्याचसाठी, असं मला वाटतं.

एक हिशेब मांडू. आठ दिवसांनी नळ म्हणजे वर्षातून ४५ वेळा. प्रत्येक वेळी दोन तास धरले तरी वर्षाचे ९० तास. या ९० तासांसाठी तुमची वर्षभराची नोकरी, पगार आणि दिवाळीतलं माहेर पणाला लागलं आहे. खरी अडचण त्या तासांची नाहीच. ते तास कधी येतील हे कुणाला ठाऊक नाही आणि त्या वेळी घरात तुम्हीच असलं पाहिजे, असं तुमच्या घरानं धरून चाललंय, ही अडचण आहे. यातल्या पहिल्या गोष्टीवर तुमचा इलाज नाही. दुसरीवर मात्र नक्की आहे.

मी सोलापुरात वाढले. आमची आई रात्री नळाची तोटी उघडी ठेवून तिच्याखाली पितळी पातेलं पालथं घालायची आणि शेजारीच सतरंजी टाकून निजायची. पाण्याची धार पातेल्यावर पडली की त्या आवाजानं तिला जाग यायची. आम्हाला तेव्हा त्या युक्तीचं कौतुक वाटायचं. ती कित्येक वर्षं मोरीच्या दारात झोपली, हे माझ्या लक्षात यायला माझं स्वतःचं लग्न व्हावं लागलं. म्हणून तुमचं पत्र वाचून मी लगेच उत्तराला बसले.

वेळ का ठरत नाही, ते थोडक्यात. तुमच्या शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं. त्या धरणाचा जलाशय, नाथसागर, शहराच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर आणि शहराहून १०० मीटरपेक्षाही जास्त खाली. म्हणजे प्रत्येक थेंब विजेच्या जोरावर वर चढवावा लागतो. आजवर ही भिस्त मुख्यतः जुन्या वाहिन्यांवर राहिली. मधे कुठे वाहिनी फुटली किंवा पंपांची वीज काही तास गेली की जलकुंभ भरायला उशीर होतो. मग आज ज्या भागाची पाळी, त्याची उद्यावर जाते आणि उद्याच्याची परवावर. पाणी सोडणाऱ्या माणसाशी कितीही गोड बोललात तरी हे चक्र हलणार नाही. त्याच शहरात १७व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं नहर बांधली. ती उत्तरेच्या डोंगरातलं पाणी उतारानं, कसलाही पंप न लावता घरोघरच्या हौदांत आणत होती. त्या नहरीतली एक गोष्ट मात्र तुमच्या अंगणात आजही उपयोगाची आहे. पाण्याला चढ दिला की ते अडतं आणि उतार दिला की आपणहून येतं.

तुमची टिपाडं तीन फूट उंच. म्हणजे दाब आधीच कमी असलेल्या पाण्याला आणखी तीन-साडेतीन फूट चढून त्यात पडावं लागतं. तेच पाणी जमिनीखालच्या टाकीत सोडलं तर त्याच जोडणीतून जास्त येईल. किती जास्त, ते अंदाजानं सांगत नाही, कारण तुम्हाला मोजता येईल. पुढच्या वेळी नळ आले की २० लिटरची बादली टिपाडाच्या तोंडाच्या उंचीवर धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर मोजा. मग प्लंबरला बोलावून मीटरनंतरच्या पाइपला जमिनीलगत, जमलं तर छोटा खड्डा करून त्याच्याही खाली, एक तोटी काढून घ्या आणि त्याच्या पुढच्या वेळी तिथे मोजा. बादली ९० सेकंदांत भरत असेल तर मिनिटाला १३ लिटर, म्हणजे १०० मिनिटांत १,३०० लिटर. ४५ सेकंदांत भरली तर २,६०० लिटर. टाकी केवढी हवी हे यावरूनच ठरतं. मिस्त्री नेहमी मोठी टाकी सुचवतो, पण नळ जेवढं देणार त्याहून फार मोठी टाकी बांधून ती रिकामीच राहते.

पाच फूट लांब, पाच फूट रुंद आणि साडेचार फूट खोल टाकीत सुमारे ३,२०० लिटर मावतं. तुमच्या घराला एवढी बहुतेक पुरेल. २,६०० लिटर आलं तर पाच माणसांना आठ दिवस, माणशी रोज ६५ लिटर. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटरचं मान धरलं जातं, त्याच्या हे निम्मंच आहे. पण आज तुम्ही पाच टिपाडांत, म्हणजे माणशी रोज २५ लिटरमध्ये भागवताय. खणताना काळा दगड लागला तर खर्च वाढतो, म्हणून मिस्त्रीशी बोलण्याआधी आजूबाजूला कुणी खणलं असेल त्यांना कोणत्या खोलीवर दगड लागला ते विचारा. खणणं अजिबातच परवडणार नसेल तर १,००० लिटरच्या दोन बुटक्या, पसरट प्लॅस्टिक टाक्या अंगणात थेट जमिनीवर, ओटा न बांधता ठेवा आणि एकमेकींना जोडून घ्या.

टाकी ड्रेनेजच्या चेंबरपासून जितकी लांब करता येईल तितकी करा. तिचं तोंड अंगणाच्या फरशीपेक्षा फूटभर वर घ्या, म्हणजे पावसाचं आणि अंगण धुतलेलं पाणी आत जाणार नाही. झाकण घट्ट बसणारं आणि कुलूप लागणारं हवं. घरात लहान मूल आहे. येणाऱ्या पाइपला बॉल कॉक लावा. टाकी भरली की पाणी आपोआप बंद होईल. त्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला स्वतःची छोटी मोटर बसवा. मग नळ दुपारी दोनला येवोत की रात्री अडीचला, घरात कुणी असो वा नसो, पाणी येऊन टाकीत पडेल. सकाळी उठून कुणीतरी झाकण उचलून बघायचं, एवढंच काम उरतं. ते सासूबाईही करू शकतील, फक्त झाकण हलकं असू द्या.

टाकीवर मोटर लावा असं म्हणतेय आणि लाइनवर मात्र लावू नका म्हणणार आहे. टाकीवरची मोटर तुमच्या वाट्याला आलेलं पाणी उचलते. लाइनवरची मोटर शेजाऱ्याच्या वाट्याचं ओढते, हे तुम्ही अनुभवलंच आहे. मला त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. जमिनीतल्या जुन्या पाइपांचे सांधे झिरपत असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या लगतच गटाराची लाइन असते. पाइपात पाण्याचा दाब असतो तोवर पाणी बाहेर झिरपतं. मोटरीनं जोरात ओढलं की दाब उलटतो आणि बाहेरचं आत येतं. गल्लीत एकाच वेळी चार घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर हे कारण पहिल्यांदा तपासावं. त्यात ओली फरशी, हातात लोखंडी बॉडीची मोटर आणि रात्री अडीचची झोप, म्हणजे शॉक बसायला वेळ लागत नाही. लाइनला मोटर लावणं नियमाबाहेर आहे, सापडली तर जप्त होते. शेजाऱ्यांशी भांडू नका. तुमच्या बादलीचे दोन्ही आकडे त्यांना दाखवा. पाणी खाली घेतल्यावर त्यांनाही मोटरीची गरज उरणार नाही, आणि मिस्त्री तुमच्याकडे आलेलाच असेल तर दोन घरांचं काम थोडं स्वस्तात होईल.

आता सासूबाई. त्यांच्यावर मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण त्या पूर्णपणे चूक नाहीत.

त्यांच्या पिढीत पाणी रोज भरायचं, रोज वापरायचं. विहिरीवरून किंवा आडावरून सकाळी घागरी यायच्या, कालचं उरलेलं पारोसं पाणी तुळशीला, झाडांना, सड्याला जायचं, हंडे-कळश्या चिंचेनं घासून लख्ख करून मगच त्यात ताजं पाणी. देवाला पारोसं पाणी चालत नसे. या सगळ्याच्या तळाशी भांडं रोज घासलं जाण्याची शिस्त होती आणि ती फार चांगली होती. पाणी मात्र भाजीसारखं शिळं होत नाही. झाकलेल्या स्वच्छ टाकीतलं पाणी नवव्या दिवशीही पाणीच असतं. त्यातला क्लोरीन तेवढा उडून जातो. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावा असा नियम आहे, पण साठवणीत तो फार टिकत नाही.

आणि डेंग्यूच्या बाबतीत तर सासूबाईंची सवय निम्मी बरोबर ठरते. एडिस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच वाढतो. मादी अंडी घालते ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टिपाडाच्या ओल्या भिंतीला चिकटवून. अंड्यातून डास होऊन उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तुमचे नळही आठ दिवसांनी येतात. म्हणजे तुम्ही पाणी भरता आणि पुढची खेप येईपर्यंत डासाची एक पिढी जवळजवळ तयार होते. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने मरत नाहीत, टिपाड पुन्हा भरून भिंत भिजली की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. आतली भिंत, विशेषतः कडेजवळचा वरचा वीतभर भाग, काथ्यानं घासून काढावा लागतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात तो यासाठी.

तर सासूबाईंना असं सांगून बघा: ‘आई, पारोसं टिपाड घासल्याशिवाय भरायचं नाही, तुमचं बरोबर आहे. फक्त पाणी मोरीत न जाता फरशीला, संडासाला आणि झाडांना जाऊ दे.’ टिपाडांवर रंगानं एक ते पाच आकडे घाला आणि वापर एकापासून सुरू करा. नळाची खेप जवळ आली की चार नंबरपर्यंतची रिकामी झालेली असतील; ती आपापल्या दिवशी घासून पालथी घाला. पाचव्यातलं उरलेलं पाणी खेपेच्या आदल्या दिवशी धुणं आणि फरशी यांत संपवा. नळ एखादा दिवस लांबले तर अडायला नको म्हणून दोन कळश्या झाकून मागे ठेवा. घासायचं काम सासूबाईंना देऊ नका, त्यांचे गुडघे वाकत नाहीत. ते मुलांचं. डेंग्यू कशानं होतो हे कळलेलं मूल टिपाडाची कड मोठ्या माणसापेक्षा नीट घासतं. वर जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं दोरीनं ताणून बांधा. नुसतं पत्र्याचं झाकण असलं तर कुठे ना कुठे फट राहते. जमिनीखालची टाकी झाली की यातली तीन टिपाडं तरी विकून टाका.

पिण्याच्या पाण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नळ आले की पहिली पाच-दहा मिनिटं पाणी गढूळ असतं. रिकाम्या पाइपात झिरपलेलं आणि साचलेलं सगळं त्याच्यासोबत येतं. तुम्ही उभ्या असता तेव्हा ते सोडून देता. टाकी आपोआप भरू लागली की तेही आत जाणार. ज्या वेळी कुणी घरात असेल तेव्हा पहिलं पाणी बाहेर सोडायला मघाशी सांगितलेली ती जमिनीलगतची तोटी कायम ठेवा. इतर वेळी टाकीचं पाणी वापरायचं आहे असंच धरा आणि पिण्याचं वेगळं करा. प्यायला आणि स्वयंपाकाला पाच जणांना रोज २५ लिटर पुरतं. चौपदरी फडक्यानं गाळून, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळून, झाकून, तोटीच्या भांड्यात. हे रोज सकाळी होईल, त्यामुळे सासूबाईंनाही ताजं पाणी मिळेल. धरणाचं पाणी बोअरसारखं जड नसतं, त्याला आरओची गरज सहसा पडत नाही. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो आणि तुमच्या घरात ते परवडणारं नाही. घ्यायचंच असेल तर यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र घ्या. सुट्ट्या जारचं पाणी थंड असतं म्हणून शुद्ध वाटतं, पण त्याची तपासणी झालीच असेल याची खात्री नसते, तेव्हा तेही उकळल्याशिवाय मुलांना देऊ नका.

पावसाळ्यात गच्चीचा पाइप टाकीकडे वळवता येईल. ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस झाला तर सुमारे १,४०० लिटर पाणी पडतं, थोडं वाया गेलं तरी हजार-बाराशे लिटर हाती येतं. पहिल्या एक-दोन सरींचं सोडून द्या, पुढचं गाळून घ्या. धुण्याला ते नळाच्या पाण्यापेक्षा चांगलं, साबण कमी लागतो.

नवी योजना येतेय, मग टाकीवर खर्च कशाला, हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला समजतं. योजना मोठी आहे. २,५०० मिलिमीटरची वाहिनी, २,७४० कोटींचा खर्च. पण मोठी वाहिनी शहरापर्यंत आली तरी त्यापुढे जलकुंभ, गल्लीतले पाइप आणि जोडण्या हे सगळं जुळून यायला लागतं, आणि तुमच्या लॅबमधल्या खुर्चीला तितका धीर नाही. कराडजवळच्या मलकापुरात दीड दशकापूर्वीच मीटरवर चोवीस तास पाणी सुरू झालं. तसं तुमच्याकडे झालं तर टिपाडं खुशाल मोडीत काढा. तेव्हाही जमिनीखालची टाकी वाया जाणार नाही, पावसाचं पाणी धरायला राहील.

आता हे पत्र त्यांना वाचायला द्या. इथून पुढचं त्यांच्यासाठी.

तुमची शिफ्ट आठवड्यानं बदलत असणार, असं मी धरते. म्हणजेच दर तीन आठवड्यांपैकी किमान एका आठवड्यात तुम्ही दिवसा घरी असता आणि एकात रात्री. त्यातल्या नळांची जबाबदारी तुमची. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नळाची खेप आणि तुमची शिफ्ट दोन्ही लिहून ठेवा. तुमच्या पत्नी लॅबमध्ये ज्या बाटल्यांवर लेबलं लावतात त्या कुणाच्या तरी आजाराचं निदान ठरवतात. रात्रभर पाइप धरून उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात त्या देणं धोक्याचं आहे. आणि त्यांनी नोकरी सोडली तर टाकी बांधायला दोनाऐवजी एकाच पगारातून पैसे काढावे लागतील. दोघांच्या पगारातून थोडे थोडे बाजूला काढले तर पुढच्या उन्हाळ्याआधी खड्डा खणून होईल.

वाचकताई, टाकी होईपर्यंतची सोय म्हणून गल्लीतल्या चार घरांचा गट करा. ज्या घरात कुणी नाही त्यांच्या टिपाडात शेजारच्यांनी पाइप सोडायचा, किल्ली शेजारी द्यायची. दिवाळीची तिकिटं मात्र आजच काढा आणि नळ कधी येतील ते न बघता काढा. त्या आठवड्यात पाणी तुमचे यजमान आणि मुलं भरतील, आणि एखादं टिपाड रिकामं राहिलं तर राहू दे.

पुढची खेप आली की ती बादली लावा आणि दोन्ही ठिकाणी किती सेकंद लागले ते मला कळवा. गच्चीचं क्षेत्रफळ आणि अंगणात मोकळी जागा किती आहे, तेही लिहा. त्यावरून टाकीचं माप पक्कं करू.